डोहावरचं ऊन

आसरांच्या डोहावर भर दुपारी ऊन पडलेलं कोकिळेनं जन्मात पाहिलं नव्हतं. सासरी आली तेव्हापासून ते पाणी तिनं काळंच पाहिलं. वर जांभूळ, अर्जुन, उंबर, करंज अशी दाटी, की वैशाखातही त्या पाण्यात पाय घातला तर अंगावर शहारा यायचा. आणि आज? पिपरी मेघेला सीताबाई मावशीची तेरवी आटोपून ती केळझरला एसटीतून उतरली, जंगलातल्या पायवाटेनं घराकडे निघाली आणि नाल्याच्या वळणावर डोळे मिचकावत उभी राहिली. समोर नुसता चकाचक उजेड. पाणी काचेसारखं चमकत होतं. आधी तिला वाटलं, विचारांच्या नादात वाट चुकली आपण.

मग खुंट दिसले. दोन्ही काठांनी ओळीनं, ओले, ताजे. अर्जुनाच्या खुंटातून लालसर पाणी गळत होतं. आसरांचे, त्या पाणदेवतांचे, सात दगड कधी सावलीबाहेर आले नव्हते, ते शेंदरासकट उन्हात तापत पडले होते.

"मायबाई!" कोकिळा एवढंच म्हणाली आणि पिशवी काखेत मारून पळत सुटली.

घरी नवरा, रूपराव, ओट्यावर बसला होता, भिंतीला पाठ लावून. समोरचे दोन्ही खुंटे रिकामे. बंडी नाही, बैल नाहीत.

"अवो, लखन-बादल कुठं हायेत?"

रूपराव बोलेना. हा माणूस असाच. गाऱ्हाणं सांगायचं म्हटलं की घशात घास अडकल्यासारखा बसायचा. कोकिळेनं तांब्याभर पाणी आणून पुढ्यात आदळलं तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"जंगलखात्याच्या डेपोत बांधले."

"कोनं?"

"आष्टनकर साहेबानं. जप्त केले. बंडी बी, कुऱ्हाड बी."

झालं होतं ते असं. गावावरचं जंगल सागाचं. तिथं दर काही वर्षांनी सरकारी तोड व्हायची, वाकडं, किडकं झाड काढायचं म्हणजे सरळ झाडाला पोसायला जागा. तोडायच्या झाडाला छातीच्या उंचीवर गेरूचा लाल पट्टा आणि बुडाशी साल सोलून हातोड्याचा छाप. नियम असा, की खाली वाकून छाप पाहायचा आणि मगच कुऱ्हाड घालायची. पण झाडागणिक कोण वाकतो हो? त्यात यंदा तोड लांबली, उन्हाळा डोक्यावर आला. वनपाल आष्टनकर साहेब मोटारसायकलवरून उतरायचाही नाही. तिथूनच ओरडायचा, "पट्टा पाहा अन् हाना! वाकत बसाल तं पानी येईल." टोळीचा मुकादम रामाजी तेच पुढं ओरडायचा. रूपराव याच टोळीत बंडी-बैल घेऊन जायचा.

डोहाला मात्र कधी पट्टा लागला नव्हता. नाल्याच्या काठाला हात लावायचा नाही, हा सरकारचाही नियम आणि गावाचाही. उन्हाळाभर, पाऊस पडेपर्यंत, त्या डोहात गावातला कोणी जाळं टाकत नसे. आसरांचं पाणी ते.

मग पट्टा लावला कोणी? मोहिनी मॅडमनं. ही नागपूरकडच्या कुठल्याशा संस्थेची पोरगी, गेल्या पावसाळ्यापासून येत होती. जिथं जंगल तोडतात तिथल्या नाल्यात मासे कसे राहतात, पाखरं कुठं जातात, पाणी किती तापतं, हे तिला शोधायचं होतं. काही नाले तोडीतले, काही बिनतोडीचे. हा डोह तिचा बिनतोडीचा. कोकिळा तिच्यासोबत जाळं धरायची, भाकरी करून द्यायची. मॅडमचं सामान कोकिळेच्याच गोठ्यात असायचं. काठावरच्या झाडांना मॅडमनं पत्र्याचे बिल्ले ठोकले होते, दर महिन्याला सावली मोजायला. ते वानरांनी ओढून फेकले. म्हणून मॅडमनं हार्डवेअरच्या दुकानातून लाल रंगाचा डबा आणला.

डबा गोठ्यात आला त्या दिवशी कोकिळा हसली होती. "कायले मॅडम, मारोती रंगवता का?"

मॅडमही हसली होती. मग कोकिळा तेरवीला गेली आणि मॅडमच्या हाताखालच्या पोरांनी काठावरच्या झाडांना पट्टे मारून टाकले. लाल. छातीच्या उंचीवर. अरे, शिकलेल्या माणसानं एकदा तरी विचारायचं ना, की बाप्पा, या जंगलात लाल पट्ट्याचा अर्थ काय होतो!

"तुमाले दिसलं नाई? डोहावरचे झाडं होत ते!" कोकिळा कडाडली.

"दिसलं. म्या इचारलं ना." रूपराव मान खाली घालून म्हणाला. "म्हटलं, साहेब, हे तं आसराईचे झाडं होत. तं तो फोनवर बोलून राह्यलता. म्हने, पट्टा हाय का? मग तोड ना बे. दरवेळी इचारतेस काय?"

"मंग?"

"मंग तोडले. बंडीत घालून डेपोत नेले. तिथल्या बाबूनं पाह्यलं, जांभूळ, उंबर, अन् छाप एकावर बी नाई. साहेब म्हने, मी कवा सांगतलं? याचं यानं तोडलं."

"रामाजी होता ना तिथं?"

"होता. त्यानं आयकलंच नाई म्हनते."

कोकिळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बरं, संन्याशानं तरी बोंब मारावी! हा तिथं 'जी साहेब, जी साहेब' करत बैलांचे कासरे सोडून देऊन घरी आला होता.

दुसऱ्या दिवसापासून कोकिळेची डेपोची वारी सुरू झाली. बैल सरकारनं बांधले, पण चारा मालकानं आणायचा. डोक्यावर कडब्याचा भारा, दोन हातात पाण्याच्या दोन कॅना. नाक्यापर्यंत डांबर असं तापलेलं, की चप्पल चिकटून निघायची. मान आखडायची, कॅनच्या कडीनं बोटं कापायची. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरचं एक टवाळ रोज विचारायचं, "काय कोकिळाबाई, सरकारी जावई जेवले का?" पहिल्या दिवशी तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तू बी ये ना बाप्पा, गव्हानीत जागा हाय." मग ते गप्प बसलं.

बैल गवळाऊ जातीचे, पांढरे शुभ्र, हातावर वाढवलेले. लाकडाच्या थप्पीला बांधले होते, उन्हात. लखनच्या डोळ्यांच्या कडा माश्यांनी काळ्या झाल्या होत्या. बादलीत पाणी ओतलं की दोघं एकदमच तोंड घालायचे. मग लखन तिच्या मनगटावरचा घाम खरबरीत जिभेनं चाटत राहायचा. दहा पावलांवर कडुनिंबाची गार सावली होती. सावलीत आष्टनकर साहेबाची मोटारसायकल होती, आणि एक माणूस तिला बादलीनं पाणी मारून धूत होता.

"साहेब, बैल जराशिक सावलीत बांधू द्या."

"हात नोको लावू. मुद्देमाल हाय तो."

"मुद्देमाल? साहेब, जनावर हाय ते. त्याले ऊन लागते."

"मंग लवकर सोडव ना." साहेब खुर्चीत रेलून म्हणाला. आवाज मोठा गोड. "तुह्या मालकाले सांग, लिहून दे म्हना, की मी माह्या मनानं झाडं तोडले, चुकी झाली. दंड भरला का बैल घरी. नाई तं लिलाव होईन बैलाईचा. मिरगाच्या अगोदर होऊन जाईन, पाहाय मंग."

कोकिळेला त्या गोड बोलण्याचा मळ अंगाला लागल्यासारखा वाटला. लिहून दिलं तर रूपराव जन्माचा झाडचोर. जंगलातलं काम बंद आणि पोरीच्या सासरापर्यंत नाव. नाही दिलं तर बैल लिलावात. मृग तोंडावर आलेला, वखरणी राहिलेली, आणि गोठ्यात खुंटे रिकामे.

"त्यानं इचारलं होतं तुमाले," ती म्हणाली. "तुमीच म्हटलं तोड."

"साक्षीदार आन," साहेब म्हणाला आणि धुणाऱ्याला म्हणाला, "चाकाच्या मधात बी मार बे पानी."

तिकडे डोह तापत होता. सकाळी उन्हाची तिरीप काठावर यायची, मग मधोमध, आणि मग दिवसभर पाणी नुसतं रटरटायचं. वर हिरवी साय धरली. आधी मेले ते बोटाएवढे ठिपक्यांचे मासे, पांढरी पोटं वर करून. मग शिंगटी. मरळ तेवढी नाक वर काढून श्वास घेत राहिली, पण तिचीही बगळ्यांनी दाणादाण केली. वास शेतापर्यंत यायला लागला.

मोहिनी मॅडम आली ती तेव्हा. काठावर बसून मेलेले मासे चिमट्यानं उचलत होती, छोट्या काट्यावर वजन करून पिशव्यांत भरत होती. डोळे सुजलेले होते, रडली असावी. कोकिळेला तिची दया आली नाही. दया यायला मनात जागा तर पाहिजे!

"मॅडम, तुमी साहेबाले सांगतलं का, का ते पट्टे तुमचे होत म्हनून?"

मॅडमनं चिमटा खाली ठेवला. "कोकिळाताई, माझ्याकडे मासे पकडायची परवानगी आहे. झाडांना रंग लावायची लेखी परवानगी नव्हती. तोंडी विचारलं होतं, तर आष्टनकर साहेब हो म्हणाले होते. आता ते नाही म्हणतात. मी सांगितलं तर माझं सगळं काम बंद होईल. मी आमच्या सरांना विचारते."

"कवा इचारसान? लिलाव झाल्यावर?"

"मला थोडा वेळ द्या. आणि ताई, झाडं मी तोडलेली नाहीत."

बस. इथं पाणी डोक्यावरून गेलं.

"नाई ना! तुमी फक्त पट्टा लावला. साहेबानं फक्त तोंडानं म्हटलं. माह्या मालकानं फक्त कुऱ्हाड मारली. कोनंच काई केलं नाई. मंग बैल काऊन बांधले? बैलाईनं काय केलं?" तिचा आवाज चिरकला. "जित्ते होते तवा यायच्या डोक्यावर सावली होती. आता मेल्यावर वजन करून राह्यल्या! घ्या मोजून चांगले. एक बी सोडू नोका."

मॅडमनं हातातल्या पिशवीचं तोंड बांधलं. कोकिळा पाय आपटत वर आली आणि शेतात जाऊन तिनं खराट्यानं अख्खं खळं झाडून काढलं. खळ्यात दाणाही नव्हता. पण हातांना काही तरी पाहिजे होतं.

डेपोतला पहारेकरी अण्णाजी म्हातारा माणूस, मनानं बरा. साहेब नसला की बैलांचं दावं सैल करायचा. त्यानंच एक दिवस हळूच सांगितलं, "पोरी, उद्या रेंजर साहेब येऊन राह्यले मौका पाहाले. रूपरावले बलावलं, मॅडमले बी. कूपात, तोडीच्या जागी, येतीन आधी, मंग डोहावर. तिथंच सही घेतीन त्याची."

कोकिळा त्या दिवशी घरी आली ती गोठ्यात जाऊन बसली. रूपराव भाकरीला बोलवायला आला तर म्हणाली, "जेवा तुमी." कोपऱ्यात मॅडमचा रंगाचा डबा पडला होता. झाकणावर लाल ओघळ वाळलेले. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

सकाळी उजाडता उजाडता ती डबा पदराखाली घेऊन कूपाकडे गेली. टोळी जिथं तोडत होती, तिथं मधोमध मोहाचं झाड होतं. सागाच्या रांगेत एकटं, पसरलेलं. गावातल्या बाया त्याखालची फुलं वेचायच्या. मोह कोणी तोडत नाही, तोडीतही नाही. कोकिळेनं खोडाला हात लावला. "माफ कर बाई," ती म्हणाली. "एक घाव खाशीन. दुसरा म्या खाऊ देनार नाई." आणि छातीच्या उंचीवर लाल पट्टा ओढला. ब्रश नव्हता, पदराचं टोक बुडवूनच ओढला. मग डबा घेऊन करवंदीच्या जाळीमागं जाऊन बसली. काटे टोचत होते, रंगानं हात चिकट झाले होते.

टोळी आली. आष्टनकर साहेब आला, आज मोठा साहेब यायचा म्हणून इस्त्रीच्या कपड्यात. आल्या आल्या ओरडायला लागला, "चला, हात चालवा! साहेबाले काम दिसलं पाह्यजे." थोड्या वेळात जीप आली. रेंजर साहेब उतरला, मागून मोहिनी मॅडम. रूपराव आधीपासून हात जोडून उभा होताच. आष्टनकर साहेबाला पाणी देऊ की खुर्ची देऊ असं झालं.

तेवढ्यात रामाजी मोहापाशी येऊन अडखळला. डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, याले बी पट्टा हाय. पन मोह होय हा."

आष्टनकर साहेब खुर्चीची धूळ रुमालानं झटकत होता. त्यानं मान वळवायचे कष्टही घेतले नाहीत.

"पट्टा हाय का? मग तोड ना बे. दरवेळी इचारतेस काय!"

कुऱ्हाड बसली. पांढरा चीक आला.

"थांबा!" कोकिळा जाळीतून बाहेर आली. केस काट्यांनी ओढलेले, हात कोपरापर्यंत लाल. टोळीतली माणसं दचकून मागं सरली. "रेंजर साहेब, आयकलं का तुमी? हेच बोलले होते माह्या मालकाले. हेच, असेच, पाठ करून. आता खाली वाका अन् छाप पाहा. सापडते का पाहा!"

रेंजर साहेब पुढं आला. वाकला. बुडाशी साल जशीच्या तशी होती. पट्ट्यावर त्यानं बोट लावलं, ते लाल झालं.

"हे सरकारी झाडाले रंग लावनं गुन्हा हाय!" आष्टनकर साहेब ओरडला. तोंडावरचा रंग उडाला होता. "साहेब, ही बाई बह्याड हाय, हिच्यावर..."

"हो, गुन्हा हाय ना!" कोकिळेनं डबा रेंजर साहेबाच्या पायाशी आदळला. "म्या लावला, म्या सांगून राह्यली. माह्यं नाव लिवा. आता डोहावरचे कोनं लावले, ते बी इचारा. हा डबा कोनाचा हाय, ते मॅडमले इचारा."

सगळे मॅडमकडे वळले. ती आधी डब्याकडं पाहत राहिली, मग रूपरावच्या जोडलेल्या हातांकडं.

"माझा आहे," ती म्हणाली. "डोहावरचे पट्टे मी लावले. आष्टनकर साहेबांना विचारून लावले होते."

मग रेंजर साहेबानं घसा खाकरला. मोठी माणसं अशा वेळी खाकरतात. "ठीक आहे. गैरसमजातून घडलं, असं लिहू. आष्टनकर, जनावरं सोडा यांची. बंडी, कुऱ्हाड पण. आणि बाई, पुन्हा असले धंदे करायचे नाहीत. चला, मिटलं."

"मिटलं?" कोकिळा म्हणाली.

पण साहेब जीपकडे वळला होता. डोहावर तो गेलाच नाही. ऊन फार झालं होतं म्हणे. रूपराव जीप जाईपर्यंत हात जोडून उभा होता.

बैल डेपोतून निघाले तेव्हा त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. बादलच्या खांद्यावर उन्हानं कातडं सोललं होतं. बंडी रूपराव हाकत होता, कोकिळा मागं चालत होती. नाल्याचं वळण आलं आणि दोन्ही बैल सवयीनं आपोआप उतरले. तहान लागली होती त्यांना. काठाशी येऊन लखननं मान खाली घातली आणि फुर्रकन फुत्कारून वर काढली. पुन्हा हुंगलं. मग पाय रोवून मागं सरला. बादलनं तर तोंडसुद्धा खाली नेलं नाही.

रूपराव बंडीवरून उतरला. अर्जुनाच्या खुंटापाशी गुडघे टेकून बसला आणि बुडाशी साल चाचपत राहिला.

"म्या वाकून पाहाले पाह्यजे होतं," तो म्हणाला.

"जनमभर सायबापुढं वाकले तुमी," कोकिळा म्हणाली. "एकडाव झाडापुढं वाकले असते तं!"

बोलून गेली आणि तिलाच ते लागलं. पण शब्द काही मागं घेतला नाही. खोटं थोडंच होतं ते? रूपरावनं मान हलवली, जणू कोणी त्याला हिशेबातली चूक दाखवून दिली होती आणि ती बरोबर होती.

पलीकडच्या काठावर मोहिनी मॅडम होती. कधी आली कोण जाणे. तिच्या हातात नवा डबा होता. पाण्यातून चालत ती जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कोकिळाताई, रेंजर साहेबांनी लेखी परवानगी दिली आज. माझं काम सुरू राहील. आता पांढरा पट्टा ठरला आहे. पांढरा लावला की कोणी तोडणार नाही."

कोकिळेनं त्या डब्याकडे पाहिलं. मग काठावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुंटांवर ऊन पडलं होतं. आसरांच्या दगडांवर ऊन पडलं होतं.

"लावा ना मॅडम," ती म्हणाली. "कोनाले लावता?"

कोकिळेनं लखनच्या वेसणीला हात घातला, रूपरावनं बादलच्या, आणि तहानलेले बैल वळवून ती दोघं गावातल्या विहिरीकडे निघाली.